शिरोलीचे फोटो भिंतीवर लागले तर?

दोस्तांनो, कोल्हापूर पाहायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही काय काय दाखवता? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, नवा राजवाडा आणि वेळ उरलाच तर पन्हाळा! शिरोली एमआयडीसी दाखवायला कुणी नेतं का? नाही ना? मग आज आपण तिकडंच जाऊ या.

तावडे हॉटेल मागं टाकून महामार्गानं पंचगंगेचा पूल ओलांडला, की सांगली फाटा येतो आणि पुढं ही वसाहत. आजूबाजूला उसाची शेतं आणि मध्येच पत्र्याच्या शेडच्या रांगा. यातल्या कित्येक शेड फौंड्रीच्या आहेत. फौंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. आधी वाळूत साचा करतात. भट्टीत सुमारे १४०० अंश सेल्सिअसला वितळलेलं लोखंड त्यात ओततात. ते थंड झालं, वाळू झाडली, की कास्टिंग तयार! मोटारींचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग असेच घडतात.

तुम्ही म्हणाल, “पण यात फोटो काढण्यासारखं काय आहे?”

जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोला हा प्रश्न पडला नाही. १९५९ पासून त्यांनी कारखान्यांच्या भट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे यांचे फोटो काढले. आकाश ढगाळ असलं, की कॅमेरा समोरासमोर उभा करायचा, म्हणजे सावल्यांची लुडबूड नको! मग एकसारख्या दहा-बारा टाक्यांचे फोटो शेजारी शेजारी लावायचे. बघणाऱ्याला हळूहळू कळतं, की एकही टाकी दुसरीसारखी नाही. १९९० मध्ये व्हेनिसच्या मोठ्या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह मिळाला, तोही शिल्पकलेचा बरं का! २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यांनी टिपलेल्या कितीतरी इमारती आज जागेवर नाहीत. त्या उरल्या आहेत फक्त फोटोंत.

ही झाली इमारतींची गोष्ट. माणसांचं काय? आपल्या महाराष्ट्रातले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. ज्यांच्याकडं लोक रस्त्यात बघतही नव्हते, त्यांच्या फोटोंसमोर प्रदर्शनात माणसं थांबली. ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि कोल्हापूरला तर कॅमेरा परका नाहीच! शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा इथंच, आपल्या कारागिरीनं तयार केला. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची साधी गोष्ट त्यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’मधून पडद्यावर आणली.

तेव्हा पुढच्या सुट्टीत आई-बाबांबरोबर शिरोलीला चक्कर मारा. फोटो काढा. शेडचे पत्रे, पाळी सुटल्यावरची सायकल-मोटारसायकलींची गर्दी, चहाची टपरी, जेवणाचे डबे, कुंपणापलीकडचा ऊस. कारखान्यात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही आणि भट्टीजवळ तर मुळीच जायचं नाही. माणसाचा फोटो काढण्याआधी “काका, काढू का?” असं विचारायचं. प्रत्येक फोटोमागं जागा आणि तारीख लिहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं महामार्गावर पुराचं पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. तारीख असेल, तर असा फोटो उद्याचा पुरावा होतो.

फोटो जमले, की शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधा आणि चिमट्यांनी लावून टाका. झालं तुमचं प्रदर्शन! पहिलं आमंत्रण मात्र फोटोतल्या काकांनाच द्या.