मूळचा ओरखडा

लहान आकड्याला माणूस सहसा भीत नाही. वॉटर पेपरच्या राज्यात मात्र न्याय उलटा: आकडा जितका लहान, तितका स्वभाव खरखरीत! आमच्या शेजारच्या नानांना हे ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेल्या मोटारीवरचा एक ओरखडा त्यांनी ४०० नंबरच्या कागदानं घासला आणि पाच मिनिटांत आरशाचा पाटा केला.

मिस्त्रीनं बॉनेटवर बोट फिरवून निदान सांगितलं. इलाज? पुन्हा घासणे! पाणी मारीत आधी १०००, मग १५००, २०००, ३०००; प्रत्येक कागदानं आधीच्याची पापं धुवायची. शेवटी कंपाउंड, मग पॉलिश.

"म्हणजे चरे भरून येतील ना?" नानांनी आशेनं विचारलं.

"भरतात कुठले, साहेब? आजूबाजूचा थर त्यांच्या तळापर्यंत उतरवायचा. वरचा पारदर्शक थर असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, केसाहून पातळ. तो गेला की सगळं बॉनेट पुन्हा रंगवा!"

नाना मटकन खाली बसले. मिस्त्रीनं मात्र जपून हात चालवला. बॉनेट लखलखलं, सगळ्यांत खोल रेघ तेवढी त्यानं शहाणपणानं सोडून दिली. नाना हल्ली पाहुण्यांना ती कौतुकानं दाखवतात, "ही बरं का, मूळची!"