परवान्याची परीक्षा आणि वॉर्डातला निर्णय

इंदूर

चि. भाचीस,

बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर अमेरिकेच्या एन्क्लेक्स परीक्षेस बसण्याचा तुझा विचार घरी कळला, आणि भंवरकुआच्या एखाद्या कोचिंगमध्ये पैसे भरले जाण्याआधी ही परीक्षा नेमके काय तपासते याचा खुलासा लेखी झालेला बरा, असे ठरले.

भारतात परिचारिकेची नोंदणी पदवीच्या पाठोपाठ येते. १९४७ च्या कायद्याने शिक्षणाचा किमान दर्जा ठरवण्याचे काम इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे आले, तर परिचारिकांची नोंदवही राज्यांच्या कौन्सिलांकडे राहिली. त्यामुळे जबलपूरच्या मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विश्वविद्यालयाची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी भोपाळच्या कौन्सिलकडे कागदपत्रे देऊन ‘आर.एन.आर.एम.’, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका व सुईण, होते आणि मध्ये दुसरी कोणतीही परीक्षा आडवी येत नाही. (ही चौकट बदलण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला आहे, पण तो वेगळा विषय.) अमेरिकेत पदवीने केवळ परीक्षेस बसण्याची पात्रता मिळते, परवाना त्या त्या राज्याचे नर्सिंग बोर्ड देते, आणि त्यासाठी सर्व राज्ये एकच परीक्षा मानतात, ती एन्क्लेक्स-आर.एन. कॅनडाच्या बहुतेक प्रांतांनीही २०१५ पासून तीच स्वीकारली आहे.

विद्यापीठाची परीक्षा विद्यार्थिनीला किती येते हे पाहते, तर परवान्याची परीक्षा तिच्या हाती रुग्ण सोपवणे धोक्याचे तर नाही ना, एवढेच पाहते. म्हणून एन्क्लेक्समध्ये गुण नाहीत, टक्केवारी नाही, प्रथम श्रेणी नाही. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढाच निकाल. व्याख्या, कारणे, लक्षणे, उपचार आणि शेवटी ‘नर्सिंग केअर प्लॅन’ अशा ठरलेल्या क्रमाने पाने भरण्याची जी सवय चार वर्षांत हाताला लागते, ती इथे निरुपयोगीच नव्हे तर अडचणीची ठरते.

परीक्षेची रचनाही समजून घ्यावी. १९९४ पासून ती संगणकावर ‘अनुकूली’ पद्धतीने होते. मुरलेला परीक्षक व्हायव्हात बरोबर उत्तर आले की पुढचा प्रश्न अवघड विचारतो आणि चुकले की सोपा, तसाच संगणक प्रत्येक उत्तरानंतर उमेदवाराच्या क्षमतेचा अंदाज नव्याने बांधतो आणि तिला जेमतेम झेपेल असा प्रश्न पुढे ठेवतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास. ८५ प्रश्नांनंतर उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर किंवा खाली असल्याची ९५ टक्के खात्री संगणकाला झाली, की परीक्षा तिथेच थांबते. त्यामुळे ८५ व्या प्रश्नावर पडदा कोरा झाला म्हणजे पास, आणि १५० पर्यंत गेली म्हणजे नापास, ही वसतिगृहात पसरणारी समजूत निराधार आहे. प्रश्न सतत क्षमतेच्या काठावरचे येत असल्याने हुशार मुलीलाही बाहेर पडताना आपण नापास झालो असेच वाटते, आणि तसे वाटण्याला काही अर्थ नसतो.

एप्रिल २०२३ पासून परीक्षेला जे नवे रूप आले, त्यात प्रत्येक उमेदवाराला तीन रुग्णांच्या सविस्तर नोंदी मिळतात आणि प्रत्येक रुग्णावर सहा प्रश्न असतात. खुणा ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा अग्रक्रम ठरवणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे, अशा त्या सहा पायऱ्या असून त्यांना मिळून ‘क्लिनिकल जजमेंट’, म्हणजे रुग्णाजवळ उभे राहून घेतलेला निर्णय, असे म्हणतात.

त्याआधीपासून चालत आलेल्या अग्रक्रमाच्या प्रश्नांचा एक नमुना पाहावा. सकाळच्या ड्यूटीचा हँडओव्हर घेताना चार रुग्ण समजतात: सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गाचा जुना अडथळा असलेला आणि ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्के असलेला; हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सहा एवढे दुखते असे सांगणारा; अँटिबायोटिक चालू असलेला, १०१ ताप असलेला न्यूमोनियाचा; आणि काल थायरॉइड काढलेली बाई, जिला ओठांभोवती मुंग्या येत आहेत. आधी कोणाकडे जावे? सर्वांत कमी कण्हणारी ती बाईच आहे, पण शस्त्रक्रियेत थायरॉइडलगतच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाली तर रक्तातले कॅल्शियम उतरते, मुंग्या ही त्याची पहिली खूण असते आणि पुढे स्वरयंत्राचे स्नायू आवळून श्वास कोंडू शकतो. उरलेल्या तिघांची लक्षणे त्यांच्या आजारात अपेक्षित आहेत, हिची नाहीत. पाठ्यपुस्तकात हे सारे असतेच, पण तिथे ते ‘गुंतागुंती’ या मथळ्याखाली सातव्या क्रमांकावर पडलेले असते.

भारतीय वॉर्डात घडलेल्या परिचारिकेची खरी अडचण आणखी दोन ठिकाणी होते. पहिले ठिकाण कामाच्या वाटपाचे. इथे रुग्णाला स्पंज करणे, भरवणे, लघवीचे भांडे देणे, एवढेच नव्हे तर सलाइन संपत आल्याचे कळवणेही नातेवाइकांवर असते, आणि एका सिस्टरकडे इतके रुग्ण असतात की त्यावाचून निभाव लागत नाही. एन्क्लेक्समध्ये मात्र कोणते काम सहायकाकडे द्यावे आणि कोणते कदापि देऊ नये, यावर वारंवार प्रश्न येतात; स्थिर रुग्णाला चालवणे किंवा त्याचे वजन घेणे सोपवता येते, पण तपासून अंदाज घेणे, शिकवणे आणि परिणाम ठरवणे ही कामे परिचारिकेची स्वतःची. याच गटातल्या, म्हणजे ‘मॅनेजमेंट ऑफ केअर’च्या, प्रश्नांचा वाटा २०२३ च्या आराखड्यात सर्वाधिक, १५ ते २१ टक्के, ठेवलेला आहे. दुसरे ठिकाण बोलण्याचे. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ हे वाक्य इथल्या प्रत्येक सिस्टरच्या तोंडी असते आणि त्यामागे मायाच असते, पण परीक्षेत ते खोटे आश्वासन म्हणून हटकून चुकीचे धरले जाते. रुग्णाला भीती कशाची वाटते ते त्यालाच बोलू देणारा पर्याय बरोबर असतो. आजाराचे निदान आधी रुग्णाच्या मुलाला सांगावे की रुग्णाला, या प्रश्नाचे उत्तरही तिथे निःसंदिग्धपणे रुग्णाच्या बाजूचे असते. याबाबतीत परीक्षा बरोबर आहे आणि आपली वहिवाट चुकीची, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

औषधांचे प्रकरण थोडक्यात: परीक्षेत ब्रँडची नावे सहसा नसतात आणि मूळ नावेही अमेरिकन असतात, म्हणजे पॅरासिटामोल तिथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन आणि साल्ब्युटामोल तिथे अल्ब्युटेरॉल.

तयारी यावरूनच ठरावी. रोज किती प्रश्न सोडवले याचा हिशेब हे कोचिंगवाल्यांचे खूळ आहे. थोडे सोडवून प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा आणि तो कोणत्या परिस्थितीत बरोबर ठरला असता, हे वहीत लिहिणे अधिक फलदायी. परीक्षेचा अधिकृत आराखडा फुकट मिळतो, तो आधी वाचावा. आणि रुग्णालय एम.वाय. असो की चोइथराम, ड्यूटी जिथे असेल तिथे डॉक्टरांची ऑर्डर येण्याआधी आपण काय केले असते ते मनाशी ठरवून मग ऑर्डरशी ताडून पाहावे. इतकी चांगली प्रश्नपेढी विकत मिळत नाही.

कागदपत्रांकडे मात्र अभ्यासाआधी वळावे. मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद उच्च न्यायालयापर्यंत आणि सीबीआयच्या तपासापर्यंत गेल्याने अनेक तुकड्यांच्या परीक्षा वर्षानुवर्षे रखडल्या, आणि परदेशी पडताळणी संस्था गुणपत्रिका विद्यार्थिनीच्या हातून न घेता थेट महाविद्यालय व कौन्सिलकडून मागवतात. तेव्हा महाविद्यालयाची मान्यता प्रत्येक वर्षी शाबूत होती याचा पुरावा हाती असावा. परीक्षेची फी २०० डॉलर, अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी १५० डॉलर, आणि इंदूरला केंद्र नसल्याने मुंबई किंवा दिल्लीसारख्या शहराची वारी ठरलेली. अनुत्तीर्ण झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा बसता येते. मराठी घरांत मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे, आणि गुणपत्रिकेवर कधी मुळीच नसते. केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतले नाव तंतोतंत जुळले नाही तर आत सोडत नाहीत आणि फी परत मिळत नाही. म्हणून पासपोर्ट, कौन्सिलचे प्रमाणपत्र आणि अर्ज या तिन्हींवरचे नाव अक्षरशः एक करून घ्यावे, आणि तोवर कोचिंगचे पैसे भरू नयेत.



मावशी