सुपा, तालुका सुपा

कर्नाटकातल्या रामनगरला माझ्याकडे भाषांतराला येणाऱ्या कागदांत सगळ्यात हट्टी कागद म्हणजे जुन्या मराठी शाळेचा दाखला. शाई उडालेली, शिक्का अर्धाच उमटलेला आणि जन्मस्थळाच्या रकान्यात ‘सुपा’. काळी नदीवर 101 मीटर उंचीचं धरण झालं, सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि बरीच माणसं इथं रामनगरला वसली. परदेशी मुलाकडे निघालेले साठीतले गृहस्थ म्हणतात, “गाव नकाशात नाही, तिथं जोयडा घाला की.” मी घालत नाही. 2011च्या जनगणनेतही तालुक्याचं नाव सुपाच आहे. गाव बुडाल्याचं सांगायचं तर तहसीलदारांचा वेगळा दाखला आणावा. तो कन्नडमध्ये मिळतो, म्हणजे तोही भाषांतराला माझ्याकडेच येतो.

या कामात हात आवरणंच जास्त. शाळेत ‘विठू’, रेशनकार्डावर ‘विठोबा’, पासपोर्टवर ‘विठ्ठल’ असं असलं तरी ज्या कागदावर जे, तेच इंग्रजीत उतरवायचं. तिघे एकच, हे प्रतिज्ञापत्र सांगेल. मूळ कागदातली खाडाखोड, समासातली सही, गोल शिक्क्यातली अक्षरं, सगळं लिहायचं आणि जे लागत नाही तिथं सरळ ‘अवाच्य’. अंदाजानं तारीख पुरी करणाऱ्या भाषांतरकाराला मी तरी कागद देणार नाही.

जर्मनी, स्पेनसारखी शपथ घेतलेल्या अनुवादकांची अधिकृत यादी आपल्याकडे नाही. 1952च्या नोटरी कायद्यानं भाषांतर करणं आणि तपासणं हे नोटरीच्या कामांत घातलंय, म्हणून माझ्या सहीखाली त्यांचा शिक्का बसतो. पुढं राज्याचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपॉस्टिल. त्याचा करार हेगला 5 ऑक्टोबर 1961 रोजी झाला. भारतात तो लागू झाला 14 जुलै 2005 पासून. लोकांना वाटतं, ॲपॉस्टिल लागलं की मजकूर खरा ठरला. ते फक्त एवढंच म्हणतं की सही-शिक्का त्या अधिकाऱ्याचाच आहे. ‘विठू’ तसाच राहतो.

आणि ॲपॉस्टिल सगळीकडे चालतही नाही. ओमानला चालतं. दुबईसाठी मात्र अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का लागतो. जर्मनीनं या करारातल्या भारताच्या प्रवेशालाच हरकत घेतली होती, म्हणून तिथली वाट निराळी. कुणाला आधी मूळ दाखल्यावर ॲपॉस्टिल आणि मग त्याच्यासकट भाषांतर हवं असतं, तर कुणाला नोटरी केलेल्या भाषांतरावरच. म्हणून पैसे ठरवण्याआधी मी विचारतो, कागद कुठल्या देशात, कुठल्या कचेरीत द्यायचा? एजंटानं काय सांगितलं ते नको, त्या कचेरीनं काय लिहून दिलंय ते दाखवा.

दुसरा प्रश्न, दाखला लॅमिनेट केलाय का? बहुतेकांनी केलेला असतो, जपून ठेवायचा म्हणून. ॲपॉस्टिलचं स्टिकर कागदाच्या पाठीवर चिकटतं आणि प्लॅस्टिकवर कुणी शिक्का मारत नाही. सोलायला गेलं तर शाईही सोबत निघते. मग शाळेत जाऊन दुसरी प्रत काढायची, शाळा अजून चालू असेल तर.