शाईतला जीव

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच आठवड्यात नववीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हां दोघी विज्ञान शिक्षिकांना गाठले. त्याची आजी पेडण्याला असते. आदल्या वर्षी पुनवेच्या सुमारास भात कापताना तिच्या डोळ्याला पाते लागले. तिने दुखणे अंगावर काढले, जखम चिघळली आणि डोळ्यावर पांढरा डाग कायमचा राहिला. पारपटल बदलावे लागेल, यादीत नाव घातले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलाने विचारले, "टीचर, आजीचे पारपटल प्रिंटरवर छापून मिळणार नाही?"

उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. म्हणून वर्गाला सोबत घेऊन शोधायला बसलो.

पारपटल, म्हणजे कॉर्निया, हा बुबुळावरचा काचेसारखा पडदा. त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे यकृत किंवा मूत्रपिंडापेक्षा तो छापणे सोपे. खरी अडचण यंत्राची नाही, शाईची आहे. या शाईत जिवंत पेशी मिसळलेल्या असतात. ती नळीतून सहज उतरण्याइतकी मऊ हवी, उतरल्यावर आकार धरण्याइतकी घट्ट हवी आणि आतल्या पेशींना जगूही देणारी हवी. यासाठी हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारा जेलीसारखा पदार्थ वापरतात.

वर्गात आम्ही त्याचा छोटा नमुना करून पाहिला. सोडियम अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळते. गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे सरगॅसम याच कुळातले. त्याच्या द्रावणात यीस्ट कालवून सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब सोडले, की कॅल्शियम त्याच्या साखळ्या बांधतो आणि मण्यांसारख्या गोळ्या होतात.

पहिल्या दिवशी गोळ्या सुरेख झाल्या, पण साखरेच्या पाण्यात टाकल्यावर एकही बुडबुडा आला नाही. चूक आमचीच होती. अल्जिनेट लवकर विरघळावे म्हणून आम्ही ते उकळत्या पाण्यात घातले आणि गरम असतानाच यीस्ट मिसळले. आकार जमला, जीव गेला. दुसऱ्यांदा १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम अल्जिनेट रात्रभर भिजत ठेवले. या वेळी गोळ्यांवर बुडबुडे धरले आणि त्या हळूहळू वर तरंगू लागल्या. आत यीस्ट जिवंत होते! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग खऱ्या प्रयोगांची माहिती काढली. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी यांच्यासह पारपटल छापून सशाच्या डोळ्यात बसवल्याचे ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केले. त्यांची शाई कशाची होती? माणसांनी दान केलेल्या पारपटलातल्या पेशी धुऊन काढायच्या, उरलेल्या सांगाड्याचे हायड्रोजेल करायचे आणि त्यात मूलपेशी मिसळायच्या. २०२५ मध्ये इस्रायलमधील हैफा येथे छापलेले पारपटल माणसाच्या डोळ्यात बसवले गेले. त्यातल्या पेशीही एका दात्याच्या पारपटलापासूनच वाढवलेल्या होत्या.

हे वाचून वर्ग गप्प झाला. यंत्र कितीही पुढे गेले, तरी या शाईची पहिली दौत कुणीतरी मरताना भरून ठेवलेली असते.

आम्ही दोघींनी तोवर नेत्रदानाचा अर्ज भरलेला नव्हता. घरी विषय काढला तेव्हा एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या जन्मी आंधळी होशील." आम्ही वाद घातला नाही. पेडण्याच्या आजींची हकीकत तेवढी सांगितली. चार दिवसांनी त्यांनीच अर्ज मागितला आणि विचारले, "माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, चालेल?" चालते. चष्मा किंवा मधुमेह असला तरी चालते, वयाचीही आडकाठी नाही. मात्र मृत्यूनंतर ६ तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे लागते आणि ते काम मागे राहिलेल्यांचे असते. म्हणून नुसता अर्ज भरून भागत नाही, घरात बोलून ठेवावे लागते. पालकांनी एकदा जेवताना हा विषय काढावा, एवढीच विनंती.

त्या मुलाला आम्ही खरे तेच सांगितले: आजीला छापील पारपटल आज मिळणार नाही, कुणी दिले तर मिळेल. तो म्हणाला, "म्हणजे आधी माणसांना विचारायला हवे." डिचोलीतल्या आपल्या वाड्यावर तो आता घरोघर विचारत फिरतो. आजी अजून यादीत आहे.