शिवसागर : सह्याद्रीतला आपला उपसागर

व्हिएतनाममधल्या हा लाँग उपसागराची चित्रं आता प्रत्येकाच्या मोबाईलवर येतात. हिरव्या पाण्यातून उभे राहिलेले सुमारे सोळाशे डोंगर-बेटं आणि त्यांच्या पोटात गुहा. 1994 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ते डोंगर चुनखडीचे. पावसाचं पाणी लाखो वर्षं मुरत राहिलं, चुना विरघळला आणि गुहा झाल्या. कुरआनमध्ये जमिनीवर फिरून अल्लाहने निर्मितीचा आरंभ कसा केला ते पाहा, असं सांगितलं आहे. तरीही सगळ्या कुटुंबाला घेऊन व्हिएतनामला जाणं किती घरांना परवडणार?

सातारा-सांगलीला समुद्र नाही आणि चुनखडीचे डोंगरही नाहीत. पण साताऱ्याहून कास पठारावरून घाट उतरून बामणोलीला गेलं, की समोर जे दिसतं ते पाहून लहान मुलं हमखास विचारतात, ‘अब्बा, हा समुद्र आहे का?’ डोंगरांच्या सोंडा पाण्यात उतरलेल्या असतात. पावसाळ्यानंतर जलाशय भरला, की काही टेकड्यांना पाण्याचा वेढा पडतो आणि त्या बेटांसारख्या दिसतात. हा शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. वाटेवरचं कास पठारही 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाहावीत.

या पाण्याची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. जलाशयात 105 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं काही सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. उरलेलं कोयनेतून कराडला येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटतं आणि सांगलीवरून पुढे थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाचे थेंब दोन समुद्रांना वाटले जातात! 2019 च्या महापुरात कोयनेतून किती विसर्ग सुटला, याकडे डोळे लावून बसलेल्या सांगलीकरांना हे नातं वेगळं समजावून सांगायला नको.

पण हे सौंदर्य फुकट मिळालेलं नाही. 1960 च्या दशकात पाणी चढलं, तेव्हा या खोऱ्यातली गावं, शेतं, पूर्वजांच्या जागा बुडाल्या. माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूरकडे विखुरली. इतकी वर्षं झाली, तरी धरणग्रस्तांचे सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की त्या जुन्या जमिनीचा मातकट उतार उघडा पडतो. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी वर्षानुवर्षं लाँचचाच आधार राहिला. आपण तासाभराची मजा म्हणून जिच्यात बसतो, ती नाव त्यांची एसटी आहे. आपल्या घरात दिवा लागतो त्यात त्यांच्या शेताचा वाटा आहे. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे आपल्यावरचे हक्क, हा विषय आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. इथे तो पाण्याखाली दिसतो. म्हणून जेवण, चहा, मुक्काम गावकऱ्यांकडेच घ्यावा आणि नावेच्या भाड्यात उगाच घासाघीस करू नये.

गुहा पाहायच्या असतील, तर परतताना कराडजवळ जखीणवाडीचा आगाशिव डोंगर चढावा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही बौद्ध लेणी. आपला काळा कातळ चुनखडीसारखा पाण्याने विरघळत नाही. इथली प्रत्येक खोली माणसाच्या छिन्नीने कोरलेली आहे. दुसऱ्यांच्या श्रद्धेची जागा आहे, हे मुलांना आधी सांगून मगच आत न्यावं.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नावेत लाईफ जॅकेट सर्वांना मिळाल्याशिवाय बसू नये. वासोटा किल्ल्याला जायचं असेल, तर वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात तो बंद असतो आणि संध्याकाळपूर्वी परतावंच लागतं, कारण ते जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. बुजुर्गांना आणि लहानग्यांना त्या चढणीवर नेऊ नये, त्यांच्यासाठी काठावरची सावली पुरे. जोहरची नमाज नावेत बसण्याआधी काठावरच अदा करावी. सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे, म्हणजे पश्चिमेला किंचित उत्तरेकडे तोंड केलं, की किब्ला मिळतो. सांगली-मिरजेहून येणाऱ्यांचा प्रवास कस्रच्या अंतरापेक्षा जास्त होतो. सातारकरांचा तेवढा होत नाही, त्यांनी पूर्ण नमाज पढावी. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारून निघावं.

आणि दस्तरखान आवरताना प्लास्टिकची एकही पिशवी काठावर राहू देऊ नये. हेच पाणी पुढे कृष्णेतून आपल्या नळाला येणार आहे आणि त्याच पाण्याने आपण वजू करणार आहोत.