टाकीत माणूस उतरू नये म्हणून

कुपवाडच्या काळ्या मातीत घर बांधलेल्या माणसाला निचऱ्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि एकदा भिजली की पाणी सोडत नाही. शोषखड्डा भरला की भरलेलाच राहतो. आमची गल्ली १९९८ च्या आधीची, म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली त्याच्याही आधीची. पुढं रस्ता थरावर थर चढून उंच झाला आणि घर खाली राहिलं. सेप्टिक टाकीतलं पाणी गटारीपर्यंत आपोआप जाईना, म्हणून टाकीच्या शेवटच्या कप्प्यात एक अश्वशक्तीचा पाण्यात बुडून चालणारा मैलापंप बसवला.

बरीच वर्षं तो मुकाट्यानं चालला. मग एका पावसाळ्यात बटण दाबलं की ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागला. पंपाची वायर पेटीतून सोडवून पाहिली, तर ईएलसीबी टिकला. म्हणजे करंट पंपातून किंवा त्याच्या केबलमधून जमिनीत उतरत होता. शेजारच्यांनी सांगितलं, ‘‘एखादा पोरगा बघा, आत उतरून काढून देईल.’’ त्यांचा हेतू चांगला होता, पण मी ठाम नकार दिला.

एमआयडीसीत मशीनवर उभं राहण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं, गेलेला माणूस परत येत नाही, हे तिथं रोज डोळ्यांसमोर असायचं. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं वाटून लोक उतरतात आणि त्यांना वाचवायला दुसरा उतरतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटार साफ करताना जीव गेलेल्याच्या कुटुंबाला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

मेन स्विच बंद केला, झाकण उघडं ठेवून सगळे लांब थांबलो. सक्शन गाडी बोलावून कप्पा उपसून घेतला. मग पंपाच्या कडीला बांधलेल्या नायलॉनच्या दोरानं पंप वर ओढला. केबलला धरून ओढला असता तर केबलचं तोंड सैल होऊन पाणी थेट मोटरीत गेलं असतं. हातमोजे घालून पंप आधी साध्या पाण्यानं आणि मग ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं धुतला. त्या पाण्यात ॲसिड पडू द्यायचं नाही, विषारी क्लोरीन सुटतो. आपल्या घरची घाण मिस्त्रीच्या हाताला लागू नये, एवढं तरी आपण करायलाच हवं.

मग पंप वायंडिंगवाल्या मामांकडं नेला. त्यांनी तेलाचं बूच उघडलं आणि चहाच्या रंगाचं तेल बाहेर आलं. ‘‘सील गेलंय अण्णा. तेलात पाणी मिसळलंय,’’ ते म्हणाले. खालची जाळी आणि पंखा काढल्यावर कारण दिसलं. शाफ्टभोवती केस, कापडाच्या चिंध्या आणि सॅनिटरी पॅडचे तुकडे पिळून बसले होते. त्यांनी सीलची स्प्रिंग दाबून धरलेली. सीलच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींना घट्ट टेकून फिरतात, तेव्हाच पाणी बाहेर राहतं. त्यांच्यात फट पडली की पाणी आधी तेलात आणि मग मोटरीत शिरतं.

‘‘वायंडिंग नवं करायचं का?’’ मी विचारलं.

‘‘जळालेलं नाही, ओललंय. उगं तांबं कशाला बदलायचं? वाळवू की.’’

त्यांनी वायंडिंग मंद उष्णतेवर वाळवलं आणि इन्सुलेशन मोजणारा मेगर पुन्हा लावला. आधी शून्याशी चिकटलेला काटा चांगला वर चढला, तेव्हाच वार्निश दिलं. बेरिंग खरखरत होतं, ते बदललं. नव्या सीलच्या चकत्यांना बोट न लावता त्या स्वच्छ कापडानं बसवल्या, सगळ्या रबरी रिंगा नव्या घातल्या. तेल भरताना थोडी जागा मोकळी सोडली, कारण तापल्यावर तेल फुगतं. नवा पंप घ्यायचा सल्ला त्यांना सहज देता आला असता. त्यांनी जुन्याची नीट तपासणी केली, याचं मला मोल वाटतं आणि त्यांनी सांगितलेली मजुरी मी घासाघीस न करता दिली.

पंप परत सोडताना पाण्याच्या पातळीनुसार तो चालू-बंद करणारा फ्लोट असा बांधला की मोटर पाण्याबाहेर उघडी पडण्याआधी बंद व्हावी. भोवतीचं पाणीच तिला गार ठेवतं. हवा कोंडू नये म्हणून पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या खाली बारीक भोक ठेवलं. केबलचा जोड टाकीत न ठेवता वरच्या पेटीत घेतला. संडासात झाकणाचा डबा ठेवला आणि पॅड, चिंध्या, केस त्यातच टाकायचे, हे पाहुण्यांनाही न लाजता सांगतो.

आमच्या भागात नवं घर बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कप्प्याचं झाकण पंप सहज निघेल एवढं रुंद आणि कुलूप लागणारं करा. वर लोखंडी हूक ठेवा, म्हणजे दोर अडकवता येईल. पाइपचं युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, जमिनीच्या वर घ्या. पंप आज ना उद्या बिघडणारच. तेव्हा तो उभ्या उभ्या वर काढता यावा, ही सोय बांधकामातच करायची. घर एकदा उभं राहिलं की ती सोय नंतर करणं फार अवघड जातं आणि मग कुणालातरी आत उतरायला सांगितलं जातं.