मनाच्या डॉक्टरकडे जाताना

मनाच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस वेडाच असतो, ही समजूत आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. त्यामुळे गरज असूनही कित्येक भगिनी घरात कुढत बसतात. मी स्वतः हा उपचार घेतला आहे. तेथे काय घडते आणि योग्य माणूस कसा शोधायचा, हे अनुभवातून जे कळले ते सांगावे म्हणून हे लिहीत आहे.

मी कुर्ल्याला राहते व ठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. २०१९ साली लोकलच्या गर्दीत मला अचानक धडधड सुरू झाली. हातपाय गार पडले, श्वास अडकला, आता मी मरते असेच वाटले. पुढे हे वरचेवर होऊ लागले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "बाहेरचं काहीतरी असेल, अंगारा लावून बघ." आमच्या मिस्टरांनी मात्र मला सरळ दवाखान्यात नेले. कार्डिओग्राम झाला, थायरॉइडसाठी रक्त तपासले. सगळे ठीक निघाले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हा भीतीचा झटका आहे. मनाचे उपचार घ्या."

ओळखीतून एका खाजगी समुपदेशक बाईंकडे गेले. एका बैठकीला माझी दोन दिवसांची मजुरी जाई. कामावर माझा चहाचा कप वेगळा ठेवतात, हे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "असलं आता कुठे राहिलंय? एवढं मनाला लावून घेऊ नका." त्यानंतर त्यांच्यापुढे माझे तोंडच उघडेना. दोन बैठकांनंतर मी जाणे बंद केले.

मग महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात गेले. तेथे दोन प्रकारची माणसे भेटतात. मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनाच्या आजारांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, बोलण्यातून उपचार करतात. काहींना एकच पुरतो, काहींना दोन्ही लागतात. मला थोडे दिवस गोळ्या दिल्या व एका ताईंकडे पाठवले.

पहिल्या दिवशी ताईंनी फक्त विचारले व ऐकले. त्रास कधीपासून, झोप कशी, घरी कोण कोण. कपाची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी विचारले, "त्या दिवसानंतर गाडीतला त्रास वाढला का?" वाढला होता! हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

आठवड्याला एक बैठक, साधारण पाऊण तासाची. ताईंनी वही करायला लावली. झटका कुठे आला, तेव्हा मनात काय आले, ते लिहायचे. मग आधी नुसते फलाटावर उभे राहायचे. पुढच्या आठवड्यात विद्याविहारपर्यंत एकच स्टेशन. मग घाटकोपर, मग विक्रोळी. धडधड वाढली तरी लगेच उतरायचे नाही. ती आपोआप ओसरते, हे अंगाने शिकायचे. या पद्धतीला सीबीटी म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर आरन बेक यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. तिसऱ्या बैठकीनंतर मी घरी येऊन खूप रडले. जुने दुखणे उघडे पडले की थोडे दिवस असे होते, ताईंनी आधीच सांगितले होते. बारा बैठकांत मी पुन्हा ठाण्यापर्यंत जाऊ लागले. कप वेगळा ठेवणारी माणसे त्यामुळे बदलली नाहीत. पण त्याबद्दल साहेबांपुढे उभे राहून बोलण्याचे बळ मला आले.

भगिनींनो, पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारा. तुमचे शिक्षण काय? माझ्यासारख्या त्रासावर काम केले आहे का? साधारण किती बैठका, किती पैसे? चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तिचा क्रमांक मागण्यात गैर काही नाही. जो एका भेटीत बरे करतो म्हणतो, गोळ्या एकदम बंद करा म्हणतो, तुमच्या दुःखाला हसतो किंवा आडनाव ऐकून वागणे बदलतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. मात्र तीन-चार बैठकांत आराम पडला नाही म्हणून उपचार सोडू नका. अडचण त्यांनाच सांगा. चांगला माणूस रागावत नाही.

तुम्ही बोललेले गुप्त राहते. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो तुमचा हक्क आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र ते इतरांना कळवले जाऊ शकते. कोठे जावे हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा २०२२ साली सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येते. घरात कोणी जीव द्यायची भाषा करीत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.